मे अखेरचे केक: गडबडीच्या वीकेंडला काही बिघडलं तर काय करायचं

घरून केक करणाऱ्या बहुतेकींना डिसेंबर जड वाटतो. माझं मत वेगळं आहे. डिसेंबरात ऑर्डरी जास्त असतील, पण हवा आपल्या बाजूने असते. खरी कसोटी मे संपताना लागते. आपल्याकडे एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी ती तारीख लिहून मोकळे व्हायचे. शिवाय महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे ३१ मेला ऑफिसात निरोप समारंभ आणि दुसऱ्या दिवशी घरी वाढदिवस. २०२५ साली या तारखा नेमक्या शनिवार-रविवारी आल्या होत्या, २०२६ मध्ये त्या रविवार-सोमवारी. त्यात आंबा केकच्या शेवटच्या ऑर्डरी, दुपारी अंगाची लाही, आणि संध्याकाळी वळीव आला की गेली वीज.

असा वीकेंड काहीही न बिघडता पार पडणार नाही, हे धरूनच चालायचं. म्हणून इथे रेसिपी नाही. बिघाड आधी कुठे थोपवायचा, झाल्यावर कोणत्या क्रमाने हात घालायचा आणि कुठला केक सरळ बाजूला ठेवायचा, एवढंच सांगते. मापं देताना अर्ध्या किलोसाठी ६ इंची आणि एक किलोसाठी ८ इंची गोल टिन, एगलेस स्पंज आणि नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम धरलंय.

पायरी १: बुधवारी फ्रिज मोजा

किती ऑर्डरी घ्यायच्या हे ओव्हन ठरवत नाही, फ्रिज ठरवतो. स्पंज बाहेर राहू शकतो, आयसिंग केलेला केक या दिवसांत राहू शकत नाही. फ्रिजमधले भाजीचे डबे, लोणची, कालची आमटी सगळं बाहेर काढा आणि रिकामे खोके प्रत्यक्ष आत ठेवून बघा. एक किलोचा खोका दहा इंचांचा असतो, घरगुती फ्रिजच्या एका फळीवर बहुधा एकच मावतो. जितके खोके बसले तितकेच केक एका वेळी तयार अवस्थेत राहू शकतात. त्यापुढच्या ऑर्डरी डिलिव्हरीच्या वेळा फोडून घ्यायच्या, नाहीतर नाही म्हणायचं. शेजारणीच्या फ्रिजवर विसंबून ऑर्डर घेऊ नका. तिच्याकडेही मे महिन्यात पाहुणे असतात.

मग प्रत्येक ऑर्डरचा एक कागद करा: फ्लेवर, वजन, अंड्याचा की एगलेस, सुकामेवा चालतो का, केकवरचा मजकूर ग्राहकाने लिहिला तसाच, आणि न्यायची वेळ. तो फ्रिजच्या दारावर लावायचा. व्हॉट्सॲपवर वर-खाली सरकवत शोधायला शनिवारी क्रीमचे हात मोकळे नसतात.

पायरी २: गुरुवार-शुक्रवारी जादा स्पंज

हा लेख एका ओळीत सांगायचा तर: एक व्हॅनिला आणि एक चॉकलेट असे ६ इंची दोन स्पंज जास्तीचे करून ठेवा. बाकीचे सगळे उपाय याच्या नंतर. स्पंज पूर्ण गार झाला की क्लिंग फिल्मच्या दोन घड्या, वर फॉइल, आणि फ्रीझरमध्ये. महिनाभर चांगला राहतो. लागला नाही तर पुढच्या आठवड्यात वापरता येतो. गोठलेला स्पंज कापायलाही सोपा, भुगा कमी पडतो.

पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी असतात, तुमच्या गावातला वार बघून ठेवा. त्या दिवशी बेकिंग सकाळी लवकर उरका, नाहीतर शुक्रवारी ठेवा. वीज गेल्यावर फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा साधारण ४ तास टिकतो, भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास. म्हणजे क्रीमची चिंता नको, सारखं दार उघडून बघण्याची सवय मात्र सोडा. क्रीमचा गोठलेला पॅक आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून फ्रिजमध्ये ठेवायचा. ओट्यावर ठेवून घाईने वितळवलेलं क्रीम मे महिन्यात हमखास दगा देतं.

पायरी ३: बिघडलं की आधी घड्याळ बघा

केक खचला, तुटला, नाव चुकलं, काहीही असो, लगेच हात घालू नका. पहिला प्रश्न एकच: न्यायला किती वेळ आहे? अर्ध्या किलोचा नवा स्पंज करायला बॅटरची पंधरा मिनिटं, भाजायची ३५ ते ४०, गार व्हायला तासभर आणि आयसिंगला पाऊण तास धरा. म्हणजे जवळजवळ तीन तास. तीन तासांहून जास्त वेळ हातात असेल तर दुरुस्तीच्या फंदात न पडता नवा करायला घ्या. बऱ्याच जणी दोन तास डागडुजीत घालवतात आणि शेवटी नवाच करायला घेतात, तेव्हा वेळ उरलेला नसतो. तीन तासांहून कमी असेल तर फ्रीझरमधला जादा स्पंज काढा, किंवा खाली दिलेल्या दुरुस्त्या करा.

स्पंजची दुखणी

मध्ये खचलेला केक आधी तपासा, कारण खचण्याचे प्रकार वेगवेगळे असतात. खचलेल्या जागी बोट दाबलं आणि ओलसर, चिकट लागलं तर केक कच्चा आहे. ओव्हनमधून काढून पाचेक मिनिटंच झाली असतील तर परत आत टाकून फॉइल झाकून दहा-बारा मिनिटं भाजता येतो. गार झाल्यावर परत भाजलेला केक मात्र वातड होतो, तिथे वेळ घालवू नका. दाबल्यावर स्पंज कोरडा आणि शिजलेला लागत असेल, पण जाळी मोठी आणि वास सोड्याचा, तर सोडा जास्त झालाय. आकार दुरुस्त होईल, चव नाही. तो बाजूला. जाळी छान आणि नुसताच मध्ये बसलाय, तर ओव्हनचं दार लवकर उघडलं गेलंय किंवा बॅटर भिजवून ठेवलं गेलंय. दही-सोडा किंवा व्हिनेगर-सोडा एकत्र आला की गॅस तिथल्या तिथे सुटायला लागतो, टिनची वाट बघत नाही. म्हणून एगलेस बॅटर कालवण्याआधी ओव्हन तापलेला आणि टिनला बटर पेपर लावलेला हवा. दोन केकचं बॅटर एकदम कालवून एक टिन ओट्यावर रांगेत उभा ठेवणं नकोच.

बसलेला पण चवीला चांगला केक वाचवणं सोपं आहे. कडा कापून सपाट करा, उलटा ठेवा म्हणजे खालची गुळगुळीत बाजू वर येते. उंची कमी पडली तर जादा स्पंजची एक चकती आत घाला. खचका खोल असेल तर मधला भाग वाटीने गोल कापून काढा, त्यात क्रीम आणि फळं किंवा गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) भरा आणि वर पातळ चकतीचं झाकण बसवा. वजन मात्र परत करून बघायचं. एक किलोचे पैसे घेतले तर खोक्यात एक किलो हवाच.

टिनला चिकटलेल्या केकला सुरीने खरवडू नका. बाहेर काढून दहा मिनिटं झाली नसतील तर तेवढं थांबा. नंतर टिनच्या बुडाला गरम पाण्यात पिळलेलं फडकं मिनिटभर लावा, कडेने पातळ सुरी एकदाच सलग फिरवा आणि उलटा करून हलकेच थापटा. तरीही तुकडा मागे राहिला तर तो क्रीमने जागेवर चिकटवायचा आणि ती बाजू खाली. आयसिंगखाली कुणाला दिसत नाही.

वरून करपलेला आणि आत कच्चा केक म्हणजे टिन वरच्या रॉडच्या फार जवळ होता. पुढच्या घाण्याला टिन खालच्या जाळीवर ठेवा, २० मिनिटांनी फॉइल झाका. ओटीजीच्या (घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनच्या) बटणावर १८० दिसतं, पण आत १८० असेलच असं नाही. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर घ्याच.

भाजताना वीज गेली तर

वळवाच्या दिवसांतली ही नेहमीची गोष्ट, म्हणून हे जरा नीट बघू. घरगुती इन्व्हर्टरवर हँड बीटर चालतो, ओटीजी नाही. तो दीड-दोन हजार वॅट खेचतो.

वीज गेल्याबरोबर दार उघडू नका, किती मिनिटं भाजून झाली ते कागदावर लिहा. बऱ्याच ओटीजींचा टायमर चावीचा असतो. तो वीज नसतानाही टिकटिकत पुढे सरकतो, त्यामुळे वीज आल्यावर त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. दुसरीकडे गॅसवर जाड बुडाची कढई चढवा, तळाला वाटीभर मीठ, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण, मध्यम आचेवर दहा मिनिटं. काही जणी कुकर वापरतात, शिट्टी आणि रिंग काढून. मला कढई किंवा इडलीपात्रच बरं वाटतं. कोरडा तापवलेला ॲल्युमिनियमचा कुकर पुढे वरणभाताच्या कामाचा राहत नाही.

आता केक कुठल्या टप्प्यावर होता ते महत्त्वाचं. भाजायला ठेवून दहा मिनिटंही झाली नव्हती तर मधलं बॅटर अजून पातळ आहे. कढई तापली की लगेच हलवा. पंचवीस मिनिटं होऊन गेली होती तर वरची साय धरलेली असते. दार बंद ठेवून पंधरा मिनिटं वाट बघा. आतल्या उष्णतेवर तो बराचसा होतो, टूथपिक घालून बघा आणि गरज असली तरच कढईत हलवा. नाजूक काळ मधला: केक पुरता फुगलाय, पण धरलेला नाही. तेव्हा धक्का बसला की खचलाच. दहा मिनिटं आतच ठेवा, मग टिन जराही न कलंडता दोन्ही हातांनी उचलून कढईत ठेवा. आच बारीक, झाकणाला आतून फडकं बांधलेलं, म्हणजे वाफेचं पाणी केकवर ठिबकत नाही. सुरुवातीपासून कढईत केलेला अर्ध्या किलोचा केक ३५ ते ४५ मिनिटं घेतो, उरलेला वेळ त्या अंदाजाने धरा. कढईत वरचा रंग येत नाही, तो आयसिंगखाली जाणारच आहे.

८ इंची टिन घरातल्या बहुतेक कढयांत बसत नाही. म्हणून दुपारी ढग भरून आले आणि एक किलोचा केक बाकी असेल, तर ८ इंचीचं बॅटर ६ इंचीच्या दोन टिनांत विभागा. दोघांत मिळून जवळजवळ तेवढंच मावतं, आणि केक उंच दिसतो तो वेगळाच. त्याहून चांगलं म्हणजे सगळं बेकिंग दुपारी दोनच्या आत संपवणं. वळीव सहसा दुपारनंतरच गाठतो.

क्रीम

भांडं आणि बीटरच्या काड्या फ्रीझरमध्ये पंधरा मिनिटं ठेवा. क्रीम ओतताना त्यात बर्फाचे बारीक कण दिसत असतील तर तापमान बरोबर. सुरुवात हळू, मग मध्यम वेग. काडी उचलल्यावर टोक उभं राहून जरासं वाकलं की थांबा. पायपिंग करताना पिशवीत दाबून ते आणखी घट्ट होतंच.

जास्त फेटलं की क्रीम रवाळ दिसतं आणि पॅलेट नाईफ (क्रीम पसरायची बोथट, चपटी सुरी) फिरवल्यावर भोकं पडतात. टाकू नका. दोन-तीन चमचे न फेटलेलं गार क्रीम घालून स्पॅच्युलाने हातानेच हलवा, परत गुळगुळीत होतं. म्हणून पॅकच्या तळाशी थोडं क्रीम नेहमी राखून ठेवायचं. दुधाचं क्रीम मात्र रवाळ होऊन पाणी सुटायला लागलं की ते लोण्याकडे निघालं. त्याचं लोणीच करा आणि नवा पॅक फोडा.

फेटूनही पातळच राहिलं तर क्रीम कोमट झालंय. आणखी फेटलं की आणखी गरम होईल. भांडं पंधरा-वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा आणि परत फेटा. एकदा घट्ट होऊन मग उन्हाने सैल पडलेल्या क्रीमवर मात्र नवा केक सजवू नका. आतल्या थरालाही ते नको, वरच्या वजनाने बाहेर येतं.

आंबा केकचा वेगळाच ताप. हापूसच्या फोडी क्रीमवर ठेवल्या की तासाभरात पाणी सोडतात आणि वरचा थर घसरायला लागतो. फोडी टिश्यूवर टिपून घ्या. थराच्या कडेने घट्ट क्रीमची जाड दोरी ओढा आणि फोडी त्या कुंपणाच्या आत भरा. रस वापरायचा असेल तर अर्धी वाटी रसाला छोटा चमचाभर कॉर्नफ्लोअर लावून शिजवून घट्ट करा आणि पूर्ण गार करा. रसाचा थर असला की स्पंज भिजवायचं साखरेचं पाणी निम्मं. केक कलायला लागलाच तर बोटाने ढकलून सरळ करू नका, क्रीमला भेगा पडतात. आहे तसा अर्धा तास फ्रिजमध्ये, मग हलक्या हाताने जागेवर आणा आणि जाड स्ट्रॉ केकच्या उंचीइतके कापून तीन-चार ठिकाणी उभे खुपसा. स्ट्रॉ घातल्याचं ग्राहकाला सांगायचं, विसरायचं नाही.

गनाश फुटून तेल वर आलं तर चमचाभर कोमट दूध घालून मधोमध सुरुवात करून हळूहळू ढवळत बाहेर या. चॉकलेट वितळवताना पाण्याचा थेंब पडून त्याचा गोळा झाला तर ते सजावटीच्या कामातून गेलं. गरम क्रीम घालून त्याचाच गनाश करा.

नाव चुकलं तर

निवृत्तीच्या केकवर 'सेवापूर्ती' लिहिताना पहिल्या वेलांटी-उकारालाच हात थरथरतो, आणि लोक नेमकं तेच वाचतात. मजकूर आधी बटर पेपरवर त्याच आकारात लिहून बघा. देवनागरीची शिरोरेघ शेवटी ओढा, आधी ओढली की अक्षरं दाटीवाटीने कोंबावी लागतात.

चुकलंच तर बोटाने पुसायला जाऊ नका, रंग पसरतो. केक दहा-पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. क्रीम कडक झालं की टूथपिकचं टोक अक्षराच्या खाली आडवं सरकवून अक्षर उचला, सालीसारखं सुटून येतं. मागे उरलेला डाग पॅलेट नाईफ गरम पाण्यात बुडवून, पुसून, एकाच दिशेने ओढून काढा. लाल आणि काळ्या रंगाचा डाग जात नाही. तिथे चॉकलेटची पातळ चकती ठेवून तिच्यावर लिहा. खरं तर गडबडीच्या वीकेंडला सगळीच नावं चकतीवर लिहावीत. चुकली की चकती बदलता येते.

जिथे झाकाझाक नाही

वरचं सगळं दिसण्याचं होतं. पुढच्या गोष्टींत दुरुस्ती नसते. एगलेसच्या ऑर्डरीत अंड्याचं बॅटर गेलं, किंवा नुसती शंका आली की कुठला टिन कुठला, तर तो केक त्या घरी जाऊ शकत नाही. खाणाऱ्याला कळणार नाही हे खरं असेलही, पण त्यांनी आपल्यावर विश्वास ठेवून ऑर्डर दिली आहे. आपल्याकडच्या खाद्यपदार्थांच्या लेबलवर अंड्याच्या पदार्थाला हिरवा ठिपका नसतो, तपकिरी खूण असते, ती उगाच नाही. एगलेस केक सकाळी आधी, अंड्याचे नंतर, आणि टिनखाली चिठ्ठी, एवढी शिस्त पुरते.

सुकामेवा चालत नसलेल्या मुलाच्या केकला अक्रोडाचा चमचा लागला, तरी हेच. टूथपिकचं टोक मोडून आत राहिलं आणि सापडलं नाही, तरी हेच. दुधाचं क्रीम किंवा चीज असलेला केक दोन तासांहून जास्त बाहेर राहिला, तरी हेच. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास धरा. मुंग्यांचं काय, असं विचाराल. केकबेसवर एखादी दिसली तर उचलून टाका आणि ताटात पाणी घालून त्यात स्टँड ठेवा. क्रीममध्ये शिरल्या असतील तर केक घरच्यांनीही खाऊ नये.

खोका हातातून जाईपर्यंत

केक निघण्याआधी होता होईल तो दोन तास फ्रिजमध्ये कडक झालेला हवा. बेसच्या खाली क्रीमचा ठिपका नाहीतर दुहेरी टेप लावून तो खोक्याला चिकटवा. गाडीत सीटवर नाही, पुढच्या सीटच्या पायाशी सपाट जागेत ठेवा. सीट मागे उतरती असते. एसी आधी पाच मिनिटं लावून गाडी गार करा. टू-व्हीलरवर पाठवायचा असेल तर उंच केक आणि टॉपर दोन्ही नको, टॉपर वेगळा द्या. निघताना चारही बाजूंनी फोटो काढा. वाटेत काही झालं तर केक कुठपर्यंत ठीक होता ते कळतं.

एक छोटी पिशवी सोबत असू द्या: त्याच रंगाचं क्रीम भरलेली पायपिंग बॅग, पॅलेट नाईफ, टिश्यू, थोडं चॉकलेटचं किसलेलं. कडेला धक्का लागला तर तळाशी किस लावायचा किंवा दोन फुलं काढायची, काम पाच मिनिटांचं.

ग्राहकाला कळवणं

बिघाड दिसण्यापुरता असेल आणि सावरला असेल तर वर्णन करत बसू नका. फ्लेवर, आकार, वजन किंवा वेळ बदलणार असेल तर लगेच फोन करा, मेसेज नाही, कारण समारंभाच्या गडबडीत मेसेज वाचलाच जाईल याची खात्री नसते. फोनवर आधी काय झालं ते एका वाक्यात, मग दोन पर्याय: "काका, आंब्याचा केक घसरलाय, पाचपर्यंत त्याच वजनाचा चॉकलेट ट्रफल देऊ शकते, किंवा आंब्याचाच हवा असेल तर साडेसात होतील." निवड त्यांची. फ्लेवर बदलून घेतला तर किमतीतला फरक परत करायचा. वेळ हुकून कार्यक्रम झाला असेल तर पूर्ण पैसे परत करायचे, तेही त्यांनी मागायच्या आधी, त्याच संध्याकाळी. पुढच्या केकवर सवलत देण्याची भाषा तेव्हा नको, पैसे परत गेल्यावर आठवडाभराने द्यायची असेल तर द्या.

उरलेला चांगला स्पंज कुस्करून काचेच्या बरण्यांत क्रीमबरोबर थर लावा, सोमवारी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला की संध्याकाळपर्यंत संपतो. त्यात वाया गेलेल्या मैदा-लोण्याचे पैसे बऱ्यापैकी निघतात.